किल्ल्याचा इतिहास आणि रानाचा इतिहास

अलिबागहून मुरूडकडे निघालेली पर्यटकांची गाडी काशीदच्या किनाऱ्यावर थांबते आणि मग थेट राजपुरीच्या धक्क्यावर जाते. जंजिऱ्याचा किल्ला पाहिला की सहल संपली. या वाटेवर डाव्या हाताला डोंगरात फणसाडचे अभयारण्य आहे. समुद्राच्या इतक्या जवळ असे निमसदाहरित रान रायगड जिल्ह्यात फार थोडे उरले आहे. तिथे माहितगार वाटाड्याबरोबर सकाळची पायपीट केल्याशिवाय जंजिऱ्याची गोष्ट पुरी होत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

फणसाडला अभयारण्याचा दर्जा १९८६ साली मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे हे जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते. नवाबाचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, रान मागे राहिले. आज तिथे शेकरू दिसते, बिबट्या वावरतो, गिधाडे आहेत. त्यामागे नवाबाच्या शिकारीच्या हौसेचा मोठा वाटा आहे, हे मान्य करायला अवघड वाटले तरी करायला हवे.

सुपेगावकडून आत शिरल्यावर ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांची झाडी लागते. चांगला वाटाडा शेकरूच्या आधी त्याचे घरटे दाखवतो. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचा तो गोळा का, तर शेजारच्या झाडाची फांदी तिथे टेकलेली असते आणि शेकरूला जमिनीवर उतरावे लागत नाही. मधले एक झाड तोडले तरी त्याची वाट मोडते. पुढे गारंबीचा वेल लागतो, माणसाच्या मांडीएवढा जाड, पीळ घातलेला, या झाडावरून त्या झाडावर गेलेला. त्याची शेंग हातभराहून लांब. आतली बी तपकिरी, चपटी, गुळगुळीत. कवच टणक आणि आत पोकळी, म्हणून ती पाण्यात बुडत नाही. पावसात ओढ्याबरोबर समुद्रात गेली की कितीतरी महिने तरंगत राहते आणि परक्या किनाऱ्यावर रुजते. त्यामुळेच हा वेल आफ्रिकेच्या पूर्व भागापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो. जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्द्यांचे पूर्वजही आफ्रिकेतून याच समुद्रावरून इकडे आले. गारंबीची बी पर्यटकाच्या तळहातावर ठेवून ही गोष्ट सांगणारा वाटाडा वनस्पतिशास्त्र आणि इतिहास एकाच दमात शिकवतो.

अडचण अशी की जंजिरा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि फणसाड राज्याच्या वन खात्याकडे. किल्ल्यात तोफांची नावे ऐकायला मिळतात, रानात प्राण्यांची. दोन्ही जोडणारा माणूस हवा असेल तर तो आसपासच्या वाड्यांतच सापडेल. नवाबाच्या शिकारीला हाकारे कुठल्या गावचे जात, आजोबांना लाकूडफाट्यासाठी कुठवर मुभा होती, अभयारण्य झाल्यावर काय बंद झाले, हे त्याच्या घरात बोलले जाते. रान टिकले याची किंमत मोजणाऱ्यांचीही बाजू त्या फेरीत यायला हवी. ती गाळून सांगितलेला इतिहास फक्त नवाबाचाच राहील.

म्हणून दोन्ही खात्यांनी मिळून या वाड्यांतल्या तरुणांना वाटाड्याचे काम शिकवावे. किल्ला आणि रान असा एकच दोन दिवसांचा कार्यक्रम आखावा, गट लहान ठेवावा, गाणी वाजवणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे. वाटाड्याचे मानधन पर्यटकाच्या मर्जीवर सोडू नये. ते प्रवेशशुल्काबरोबरच घ्यावे आणि त्याच दिवशी त्याच्या हाती द्यावे. काशीदला गर्दीच्या दिवसांत पैसा वाहतो. त्यातला काही सुपेगावच्या घरांत पोहोचला, तर झाडांची राखण करायला वन खात्याला वेगळी माणसे शोधावी लागणार नाहीत.