रक्ताचा भाला आणि आठशे ग्रॅमचा भाला

दर वर्षी संक्रांतीला महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसे पानिपतच्या काला अंबला जातात. विटांच्या स्तंभापुढे फुले वाहतात, तिथली माती कपाळाला लावतात, चिमूटभर पुडीत बांधून घेतात. त्यात वावगे काहीच नाही. 14 जानेवारी 1761 ला तिथे जे झाले ते विसरा, असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. वावगे आहे ते नंतरचे भाषण.

तिथे गाजणाऱ्या एका वक्त्याचा सिद्धांत असा. नीरज चोप्रा पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावचा, रोड समाजातला. रोड म्हणजे पानिपतावरून परत न फिरलेल्या मराठ्यांचे वंशज. मराठ्याच्या हातात भाला शोभतो, सबब टोकियोचे सुवर्णपदक. एवढ्यावर थांबले असते तर मीही टाळी वाजवली असती. पण पुढे निष्कर्ष येतो: रक्तात असेल तो आपोआप उठतो, मग पोरासोरांना ज्युनिअर जागतिक स्पर्धांच्या नावाखाली परदेशी धाडणे म्हणजे सरकारी खर्चाने सहल. शिवाय ज्युनिअर विजेते पुढे मावळतात, वयाचे दाखले खोटे असतात आणि आपला अविनाश साबळे कुठे ज्युनिअर स्पर्धा खेळला होता?

आधी रक्त बघू. रोड समाजातले बरेच लोक ही परंपरा सांगतात, इतिहासकारांचे तिच्यावर एकमत नाही. तो वाद मी सोडून देतो. धरून चालू की वंशावळ शंभर टक्के खरी. मग 1761 पासून अडीचशे वर्षे हे रक्त करत काय होते? कर्नाल-पानिपत पट्ट्यात गावेच्या गावे या समाजाची, आणि भालाफेकीतला जगज्जेता निघाला एकविसाव्या शतकात, तोही असा की तेराव्या वर्षी अंगाने इतका सुटलेला की वजन उतरावे म्हणून घरच्यांनी त्याला मैदानावर पिटाळले. मैदानाचे नाव शिवाजी स्टेडियम. वक्त्याला ही आणखी एक खूण वाटेल, वाटो बापडी. तिथे भाला फेकणारी मोठी मुले दिसली, जयवीर चौधरीने त्याच्या हातात भाला दिला. पानिपतला सिंथेटिक ट्रॅक नव्हता म्हणून पोरगा पंचकुलाला गेला, तिथे नसीम अहमद हे प्रशिक्षक मिळाले. पुढे गॅरी कॅल्व्हर्ट हा ऑस्ट्रेलियन आणि उवे होन हा जर्मन. या यादीत पेशव्यांचा सरदार कुठे बसवायचा ते वक्त्याने ठरवावे.

आणि भाला तरी कुठला? घोडेस्वाराचा भाला हातातून सोडायचा नसतो, खुपसायचा असतो. फेकायचा तो विटा, आणि त्यालाही दोरी, म्हणजे परत ओढून घेता यावा. स्पर्धेतला पुरुषांचा भाला आठशे ग्रॅमचा, दोन मीटर साठ ते सत्तर सेंटिमीटर लांब. त्याचा आजचा घाट 1986 चा आहे, कारण 1984 मध्ये याच होनने 104.80 मीटर फेक केली. असेच चालले तर भाला पलीकडच्या ट्रॅकवर जाऊन पडेल, या धास्तीने त्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला. हा भाला जर्मनाच्या दांडग्या फेकीमुळे बदललेला आहे, सदाशिवरावभाऊंच्या शिलेखान्यातला नव्हे.

बरे, रक्तच मोजायचे तर सगळ्यांचे मोजा. 2016 च्या आशियाई ज्युनिअर स्पर्धेत हो ची मिन्ह सिटीला नीरज दुसरा आला, तिसरा आला पाकिस्तानचा अर्शद नदीम. आठ वर्षांनी पॅरिसला त्याच नदीमने 92.97 मीटर फेकून ऑलिंपिक विक्रमासह सुवर्ण नेले, नीरजला 89.45 वर रौप्य. रक्तवाद्यांनी डगमगू नये. 1758 मध्ये मराठे अटकेला गेलेच होते, एखादी तुकडी मुलतानच्या वाटेला लागली असेल. नदीमचे मियां चन्नू त्याच वाटेवर आहे. ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स दोनदा जगज्जेता झाला, तिकडे आमचे आरमार कधी पोचले याचे कागद शोधावे लागतील. लांब उडीतली शैली सिंग तर झाशीची. 2021 मध्ये नैरोबीच्या 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत 6.59 मीटर उडी मारून तिने रौप्य घेतले, सुवर्ण एका सेंटिमीटरने हुकले. राणीने किल्ल्यावरून घोड्यासकट घेतलेली ती उडी, हा दुवा वक्त्याला अजून कसा सुचला नाही, नवलच आहे.

हा सूर आपल्याकडे नवा नाही. मातीवरची कुस्ती अस्सल, मॅट परकी, असा वाद इथे किती रंगला! फडात, पारावर, दिवाळी अंकांत. लाल मातीचे गुण, तिच्यातले ताक, हळद, तेल यांच्यावर रकाने भरले गेले. इकडे मातीचे गुण गाऊन होईपर्यंत तिकडे हरियाणाच्या पोरापोरींनी मॅटवरून ऑलिंपिक पदके आणली. पुढे तीच मंडळी म्हणू लागली, अहो, त्यांच्याकडे दूध-तूप असते!

उरलेले आक्षेप चिल्लर आहेत. ज्युनिअर विजेते मावळतात? त्रिनिदादचा केशोर्न वॉलकॉट 2012 च्या जुलैत ज्युनिअर जगज्जेता झाला आणि ऑगस्टमध्ये लंडनला ऑलिंपिक विजेता. वयचोरी होते, खरे आहे; हाडांचे वय तपासा, स्पर्धा कशाला बंद करता? आणि साबळे: आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा सैन्यात गेला, तिथे कुणाच्या तरी नजरेस पडला म्हणून स्टीपलचेसमध्ये दिसला. सैन्यात न गेलेले किती साबळे ऊसतोडीला गेले, हे वक्त्याला विचारा.

आता माझे म्हणणे. 2013 मध्ये युक्रेनमधल्या दोनेत्स्कला जागतिक युवा स्पर्धा झाली. नीरज पात्रता फेरीतच बाहेर पडला: 66.75 मीटर, एकोणिसावा. सहल म्हणायची तर ही. पण त्या सहलीत पोरगा कॉल रूममध्ये बसतो. तिथे स्पाइक्सचे खिळे तपासले जातात, पिशवी उघडून बघतात, फोन काढून घेतात, भोवती अनोळखी भाषा बोलणारी, आपल्याहून वीतभर उंच पोरे. मग तीन फेकी, प्रत्येकीला मिनिटभर, चुकलात तर घरी. हे पंचकुलात शिकवता येत नाही. तीन वर्षांनी, 2016 च्या जुलैत, पोलंडमध्ये बिदगोश्चच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत त्याने भाला 86.48 मीटर फेकला. लाटव्हियाच्या सिरमाइसचा 84.69 चा ज्युनिअर विश्वविक्रम मोडला. रिओसाठी 83 मीटरच हवे होते, पण मुदत 11 तारखेला संपली होती आणि ही फेक 23 ची. रिओचे कांस्य 85.38 वर गेले. ते मिळाले वॉलकॉटला, म्हणजे आणखी एका माजी ज्युनिअर विजेत्याला.

खाशाबा जाधवांचेही तेच. 1948 ला लंडनला ते मॅटवर नवखे होते, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीहून कांस्य घेऊन आले. पहिली वारी वाया गेली असे तेव्हाही कुणी म्हटले असेलच.

आपल्याकडे मुले नाहीत असेही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या सर्वेश कुशारेने मक्याच्या भुसाच्या गादीवर पडत उंच उडी शिकली आणि 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो सहावा आला. त्या गादीवरून पुढे सरकायला त्याला तिशी गाठावी लागली, एवढाच माझा मुद्दा आहे.

तेव्हा संक्रांतीच्या गाड्या खुशाल काढा. स्तंभाला फुले वाहा. दुसऱ्या दिवशी शिवाजी स्टेडियमवर महाराष्ट्र आणि हरियाणाच्या सोळा-अठराच्या पोरापोरींची भालाफेक ठेवा, पंच आणि मोजपट्टी नियमाप्रमाणे. त्यातली बरी निघतील त्यांना आशियाई ज्युनिअरच्या निवड चाचणीला पाठवण्याचा खर्च भाषणांच्या मंडपातून निघेल. प्रत्येक गाडीतल्या वक्त्यांच्या दोन जागा कमी केल्या की चार बारीक पोरे सहज मावतात. भाले तेवढे टपावर बांधावे लागतील, आडवे धरून दारातून आत जात नाहीत.