गोरेपणाची डबी आणि मूत्रपिंडाचा हिशेब

विज्ञानवृत्तांत चांद्रयानाला आणि जनुकसंपादनाला मोठी जागा मिळते, क्रीमच्या डबीला मिळत नाही. तरीही २०२३ च्या आरंभी अकोल्याहून आलेली एक बातमी मला त्या साऱ्यांहून अधिक अस्वस्थ करून गेली. जीवतंत्रज्ञान शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांना एकाच सुमारास इजा झाली. समान दुवा निघाला तो चेहरा उजळवणाऱ्या एका क्रीमचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते क्रीम तपासले गेले, तेव्हा त्यात पाऱ्याचे प्रमाण बेसुमार आढळले. तरुणी विज्ञानाची विद्यार्थिनी होती, तेव्हा ‘अडाणी लोकच फसतात’ असे समाधान आपण करून घेऊ नये.

पुढे केरळातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडविकाराच्या एका प्रकाराचे २२ रुग्ण तपासले. १५ जणांत ‘नेल-१’ हे प्रथिन आढळले, आणि त्यांपैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले.

येथे एक क्रूर गंमत आहे. ही क्रीमे खरोखरच ‘काम’ करतात. त्वचेतील मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या केंद्रस्थानी तांबे असते. पारा त्या विकराला निकामी करतो आणि रंग उतरतो. ‘आठवड्यात फरक’ हा दावा खोटा ठरत नाही, म्हणूनच पार्लरपासून शेजारणीपर्यंत त्याची तोंडी जाहिरात होत राहते. मात्र तोच पारा त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो, लघवीतून प्रथिने वाहू लागतात, ती फेसाळते आणि पायांवर सूज येते. दिशाभूल जे सांगितले त्यात नसते, जे दडवले त्यात असते.

नामांकित कंपन्यांची तऱ्हा नेमकी उलटी. त्यांच्या क्रीमात विष नसते, पण वचनातही फारसा अर्थ नसतो. ‘फेअर अँड हँडसम’ची उत्पादक इमामी हिला डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या जिल्हा ग्राहक मंचाने १४.५ लाख रुपयांचा भुर्दंड ठोठावला. तक्रारदाराने २०१३ साली ७९ रुपयांची नळी घेतली होती. गोरेपणासाठी योग्य आहार, व्यायाम आणि आरोग्यदायी सवयीही हव्यात, असा कंपनीचा बचाव होता. मग हे वेष्टनावर का लिहिले नाही, असा मंचाचा रोख होता. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली बाजारात आणलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. शब्द बदलला, आरशासमोरची भीती मात्र तीच राहिली, असे माझे मत आहे.

कायदा नाही असे नव्हे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अनवधानाने आलेला पारासुद्धा डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता दशलक्षात १ भागाहून अधिक चालत नाही. मिनामाता करारातील २०२३ च्या निर्णयाने तर २०२५ नंतर पारा घातलेली सौंदर्यप्रसाधने बनवणे आणि त्यांची आयात-निर्यात करणे बंद व्हायचे आहे. पण बेनामी डबीला नियम कोण लावणार?

आमचे खमरिया हे दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती वसलेले गाव. धोक्याच्या वस्तूवर तुकडीचा क्रमांक आणि इशारा असलाच पाहिजे, हे इथल्या मराठी घरांतील पोरासोरांनाही ठाऊक. (पाऱ्याचे फल्मिनेट एके काळी काडतुसांच्या टोप्यांत भरत, हेही काही आजोबा सांगतील.) अशाच एका घरी मागच्या महिन्यात मला एक पांढरी डबी दिसली. तिच्यावर उत्पादकाचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही. घरात मुलीचे स्थळ पाहणे चालू होते. “काका, फरक पडतोय ना, मग?” ती म्हणाली. मी तिला कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरिओ ही नावे लिहून दिली, आणि जिथे यादीच नाही ती डबी घेऊच नको, असे सांगितले. लघवीची साधी तपासणी करून घेण्याचेही सुचवले. तिच्या आईने मात्र विचारले, “लग्नापर्यंत वापरली तर चालेल का?”