आधी तबेला, मग घोडे

श्रावणातल्या एका सकाळी आमची थोरली बहीण दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली. मागोमाग तिचे चिरंजीव. ताईने पिशवीतून एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हे तू वाच. यातले मला काही कळत नाही. तळाची बेरीज तेवढी कळते." ती बेरीज मेहुण्यांच्या मागे तिने राखून ठेवलेल्या एका मुदत ठेवीएवढी होती.

कागदावर मोटारीच्या इंजिनाच्या भागांची यादी होती. मेहुण्यांनी हौसेने घेतलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आर. एस. आता भाच्याकडे आहे. इंजिन 1781 घन सेंटिमीटरचे, टर्बोचे, कारखान्यातून 150 अश्वशक्ती घेऊन आलेले. गेल्या वर्षी भाच्याने संगणकाकरवी टर्बोचा दाब वाढवून घेतला, मर्यादेची चौकशी केली नाही, आणि एक कनेक्टिंग रॉड वाकला. दोष गाडीचा नव्हे. 150 घोड्यांसाठी घडवलेल्या दांड्यावर अधिकाचा भार टाकणाऱ्याचा. आता इंजिन मिस्त्रीकडे उघडे पडले आहे; उघडलेच आहे तर 300 घोडे बसवावेत, असा चिरंजिवांचा बेत.

आमची उमेद एका कारखान्याच्या जनित्रगृहात, टर्बो लावलेल्या डिझेल इंजिनांच्या सहवासात गेली. म्हणून हा निवाडा आमच्याकडे आला. वाचकांच्या घरांतही असे हौशी चिरंजीव असतील, म्हणून तो येथे मांडतो.

टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोराने एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबते. या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली घेतले. हवा अधिक म्हणून पेट्रोल अधिक जाळता येते, आणि पेट्रोल अधिक म्हणून शक्ती अधिक. परंतु दाबलेली हवा तापते. ती इंटरकूलरमध्ये पुरेशी निवली नाही, किंवा पेट्रोल कमी पडले, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या माथ्यावर ते घणाचे घाव असतात.

यादीत सर्वांत वर भला मोठा टर्बो होता, त्याखाली मोठा सायलेन्सर, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात "पैसे उरल्यास: रॉड, बेअरिंग, हेड गॅस्केट." आम्ही कागद फिरवून धरला.

"मामा, तुम्ही यादी उलटी धरलीत."

"अरे, ती उलटीच वाचायची आहे. पण आधी सांग, तुला घोडे किती हवेत आणि कशासाठी?"

बराच वेळ वाद झाला. शेवटी वर्षातून दोन-चारदा शर्यतीच्या बंदिस्त मैदानावर गाडी न्यायची, एवढाच हेतू ठरला, आणि त्याला 220 अश्वशक्ती पुष्कळ झाली. हा आकडा ठरताच बाकीची निवड सोपी होत गेली.

पहिला मान रॉडचा. लहान टर्बो कमी फेऱ्यांतच पूर्ण दाब देऊ लागला की रॉड चिरडला जातो. फेऱ्या फार वाढल्या की तोच रॉड ताणला जातो आणि त्याच्या बोल्टांची परीक्षा होते. म्हणून घडीव पोलादाचे रॉड आणि उत्तम बोल्ट हवेत. नवी बेअरिंगे क्रँक मोजून, तेलाची फट तपासूनच बसवावीत.

मग पिस्टन. घडीव पिस्टनांत दोन मिश्रधातू प्रचलित आहेत. 2618 मध्ये सिलिकॉन नगण्य. तो मार अधिक सोसतो, परंतु तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून सिलिंडरात सैल ठेवावा लागतो आणि थंड इंजिनात खडखडतो. 4032 मध्ये सिलिकॉन सुमारे 12 टक्के. तो कमी फुगतो, घट्ट बसतो. आमच्या 220 घोड्यांना 4032 पुरे. मात्र रिंगच्या टोकांमधली फट थोडी वाढवावी लागते. नाहीतर उष्णतेने टोके एकमेकांना भिडून रिंग सिलिंडर ओरबाडते.

पुढे हेड गॅस्केट पोलादी पदरांची, मोठा इंटरकूलर, आणि पेट्रोल. येथे हिशेब करून पाहावा. अशा इंजिनाला पूर्ण भारावर एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे 260 ग्रॅम पेट्रोल लागते असे धरतात. 220 अश्वशक्तीला झाले सुमारे 57 किलो. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकाला मिनिटाला सुमारे 320 घन सेंटिमीटर. इंजेक्टर आपल्या क्षमतेच्या 80 टक्क्यांवर चालवावा, म्हणजे 400 चा हवा. पेट्रोलचा पंपही त्याच हिशेबाने. यानंतर टर्बो, आणि तोही कारखान्याच्या टर्बोहून एकच पायरी मोठा. फार मोठा टर्बो जागा व्हायलाच वेळ घेतो. सगळ्यांत शेवटी संगणकाची नवी जुळणी, कारण तीत आधीच्या प्रत्येक भागाची नोंद घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट भाच्याला बजावली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. तेव्हा रस्त्यावर चाक फिरण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारणा व्हावी. मैदानापर्यंत गाडी ट्रकवर चढवून नेण्याची वेळ आली तरी हरकत नाही.

नव्या यादीची बेरीज जुनीपेक्षा फारशी कमी झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. टर्बोवर वाचले ते रॉड-पिस्टनांनी खाल्ले. ताई आतापर्यंत गप्प होती. तिने चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "यात ब्रेक कुठे आहेत?"

मामा-भाचे एकमेकांकडे पाहत राहिले. दोन तास आम्ही घोडे मोजत होतो. लगाम दोघांनाही सुचला नव्हता. ताईने आमच्या हातातले पेन घेतले आणि यादीच्या माथ्यावर, रॉडच्याही वर, आपल्या वळणदार अक्षरात "ब्रेक" असे लिहिले. मग भाच्याला म्हणाली, "याचे पैसे काढून जे उरतील, त्यात तुझे घोडे बसव."

त्या हिशेबात 220 चे 200 झाले. भाच्याने तक्रार केली नाही. इंजेक्टरांचा हिशेब मात्र त्याने स्वतः नव्याने मांडला आणि दुसऱ्या दिवशी आम्हांला दाखवायला आणला. तो बरोबर होता.