घर राखायला आजीच का?

जुने जाणते वैद्य शरद ऋतूला गमतीने आपली आई म्हणत. पावसाळा सरतो, दुपारचे ऊन चटके देऊ लागते, पहाटे मात्र अंगावर पांघरूण ओढावे लागते, आणि दवाखान्यातील बाकावर बसायला जागा उरत नाही. पण याच ऋतूकडे पाहण्याची आपल्या परंपरेत आणखी एक दृष्टी आहे. शंभर वर्षे जगावे अशी जी वैदिक प्रार्थना आहे, तिच्यात वर्षासाठी ‘शरद’ हाच शब्द योजिला आहे. आयुष्य मोजायचे ते पाहिलेल्या शरदांनी. हे शरद आपल्या घरातील वृद्धांनी माणसांत पाहिले की बंद दाराआडून, हा प्रश्न वैद्यकाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. आजच्या लेखाचा तोच विषय आहे.

आमच्या कन्हान परिसरात हा काळ उत्सवांनी गजबजलेला असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीकडे माणसांची रीघ लागते, आणि त्यांतील अनेक जण शेजारच्या कामठीतील ड्रॅगन पॅलेसलाही जातात. कोजागरीला अंगणात दुधाचे पातेले चढते. त्या पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर गावोगावी काकड आरती चालते. दिवाळीनंतर खेड्यांत मंडई भरते. या साऱ्याचा कळस म्हणजे रामटेक. वैकुंठ चतुर्दशीला डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या त्या छोट्या गावातून शोभायात्रा निघते आणि त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर जळतो. कन्हान जंक्शनवरून रामटेकचा रेल्वेफाटा फुटतो, त्यामुळे ही यात्रा आम्हां कन्हानकरांना घरचीच वाटते.

या सगळ्या धावपळीत एक वाक्य घराघरांत ऐकू येते. “आई, गर्दी फार असते, तुम्हांला झेपायचे नाही. तुम्ही घरीच थांबा, घराकडे लक्ष राहील.” बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पडण्याची भीती असते, गुडघ्यांची काळजी असते. आईही मान डोलावते, कारण आपल्यामुळे कुणाची अडचण होऊ नये असे तिला वाटते. गाडी निघून जाते आणि ती दाराला कडी लावून दूरदर्शनसमोर बसते. पुढच्या वर्षी तिला कुणी विचारतही नाही. घर राखणे हेच तिचे काम ठरून जाते.

या निर्णयाची किंमत आपण मोजत नाही, कारण ती रक्त तपासून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालात जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो असे नमूद आहे, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू एकाकीपणाशी निगडित असावेत असा अंदाज त्यात दिला आहे. स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ जोखमीची कारणे सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांच्या पंक्तीत कमी ऐकू येणे आणि समाजापासून तुटणे ही दोन कारणेही आहेत. रक्तदाबाची गोळी चुकली तर आपण घाबरतो; वर्षभर माणसांत जाणे चुकले तर मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही.

दवाखान्यात असे रुग्ण नेहमी भेटतात. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ घ्या. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाब आटोक्यात, साखरही ठीक; तरी वजन उतरत चाललेले, झोप तुटक, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, “बरे आहे.” ऐकू कमी येऊ लागल्यापासून त्यांनी चारचौघांत बसणे सोडले होते आणि एकदा पाय घसरल्यापासून घरच्यांनी त्यांना बाहेर नेणे सोडले होते. अशा माणसाला टॉनिकची बाटली लिहून देणे सोपे असते. त्यांना कानाचे यंत्र, हातात काठी आणि पहाटेच्या काकड आरतीची सोबत यांची अधिक गरज होती. महिन्याभरात ते ठणठणीत झाले असे मी म्हणणार नाही. पण ते स्वतःहून बोलू लागले, आणि जेवताना भाकरी मागून घेऊ लागले.

महिनाभराची तयारी

कोजागरी ते त्रिपुरी पौर्णिमा हा बरोबर एका चांद्रमासाचा काळ आहे. शरीराला तयार करण्यासाठी तो पुरेसा ठरतो. वृद्ध व्यक्तीला एकदम गडावर नेऊ नये. पायरी पायरीने न्यावे. पहिली पायरी अंगण. दुसरी पायरी गल्लीतील मंदिर, विहार किंवा चौक. तिसरी पायरी रामटेक गावातील शोभायात्रा, तीही खुर्चीत बसून. चौथी पायरी वाहनाने गडावर. आणि शेवटची पायरी गडाच्या खऱ्या पायऱ्या. प्रत्येकाने शेवटपर्यंत पोहोचलेच पाहिजे असे मुळीच नाही. जिथवर झेपेल तिथवर जावे. मात्र पहिल्या पायरीवरून कुणालाही खाली उतरवू नये.

पायांत किती बळ आहे, याची एक सोपी परीक्षा घरी करता येते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसावे, हातांची घडी छातीशी घालावी आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसावे. शेजारी कुणीतरी उभे असावे. याला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर मांड्यांचे स्नायू अशक्त झाले आहेत असे समजावे. अशा व्यक्तीने हीच उठबस रोज सकाळ-संध्याकाळ, सुरुवातीला खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन, व्यायाम म्हणून करावी. त्याच्या जोडीला रोजचे चालणे असावे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले तर वेग योग्य आहे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा.

यंदा इन्फ्लुएन्झाची लस घेतली नसेल तर ती या महिन्याच्या आरंभीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. लशीचा प्रभाव निर्माण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे गर्दीत जाण्यापूर्वी शरीर सज्ज होते.

दूध, उपवास आणि पहाट

कोजागरीचे दूध मधुमेही व्यक्तीने प्यावे का, हा प्रश्न दरवर्षी येतो. प्यावे, पण अर्धा पेला, वरून साखर न घालता, आणि त्या रात्रीच्या जेवणातील एखादी पोळी कमी करून. केशर, वेलदोडा आणि बदाम यांनी दुधाला चव येतेच. सर्वांसोबत हातात पेला असणे हेही औषधच आहे. आजोबांना वेगळे बसवून ताक देऊ नये.

कार्तिकी एकादशीचा उपवास मात्र विचारपूर्वक करावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी औषध घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. अचानक घाम, हातांची थरथर, गोंधळलेले बोलणे, चिडचिड ही तिची लक्षणे होत. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. उपवासाच्या दिवशी औषधाची मात्रा काय असावी, हे आधीच विचारून ठेवावे.

काकड आरतीला जाणाऱ्यांनी अंथरुणातून एकदम उभे राहू नये. आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे आणि नंतर उठावे. वयामुळे आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उठताच रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बऱ्याचदा माणूस तिथेच पडतो. कार्तिकातील पहाट गार असते आणि थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून कान, छाती आणि पाय झाकून निघावे. दमेकऱ्यांनी आपला पंप खिशात ठेवावा, आणि धूर दाटला असेल तर मंडपाबाहेर बसावे.

रामटेकला जाताना

यात्रेला निघण्याची वेळ ज्येष्ठांच्या सोयीने ठरवावी. गर्दी उसळण्याआधी पोहोचावे आणि ती फुटण्याआधी परतावे. गडावर जवळपर्यंत वाहन जाते, त्यामुळे पायऱ्या चढणे अनिवार्य नाही. ज्यांना थोड्या पायऱ्या चढायच्या आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे: चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. चढताना धाप लागते म्हणून आपण चढण्यालाच भितो. गुडघ्यांवर अधिक ताण मात्र उतरतानाच येतो. म्हणून चढून गेल्यावर परतीसाठी वाहन ठेवणे उत्तम.

गडावर माकडांचा मुक्त संचार असतो. खाऊची पिशवी हातात लोंबत ठेवू नये. माकड झेपावले की म्हातारा माणूस दचकतो आणि तोल जातो.

मंदिरात पादत्राणे काढावी लागतात. ज्या मधुमेहींच्या तळपायांना संवेदना कमी आहे त्यांना खडा टोचला किंवा तापलेल्या दगडाने पाय भाजला तरी कळत नाही. त्यांनी जाड सुती मोजे घालावेत, आणि घरी आल्यावर सूनबाईंनी किंवा मुलाने उजेडात दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात.

एक गोष्ट स्त्रिया संकोचाने सांगत नाहीत. यात्रेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यामुळे चक्कर येते आणि लघवीच्या मार्गात संसर्ग होतो. स्वच्छतागृह कोठे आहे हे नेणाऱ्याने आधी शोधून ठेवावे आणि न विचारता सांगावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नये. त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

ज्येष्ठांच्या खिशात एक चिठ्ठी असावी: नाव, आजार, चालू औषधे आणि घरातील दोघांचे दूरध्वनी क्रमांक. विसराळूपणा असलेल्यांच्या बाबतीत तर हे विसरूच नये. छातीत दाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘जरा बसा, बरे वाटेल’ असे म्हणत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्येष्ठांना मदत व मार्गदर्शन हवे असेल तर १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाणी आहे.

काहींनी यंदा खरोखरच प्रवास टाळावा: अलीकडेच हृदयविकाराचा झटका आलेले, सपाट झोपल्यावर धाप लागणारे, ताप असलेले, आणि पायाला जखम असलेले. पण प्रवास टाळणे म्हणजे उत्सव टाळणे नव्हे. अशा घरात त्रिपुरीच्या संध्याकाळी त्यांच्याच हाताने पणती लावावी, यात्रेतून त्यांना दूरध्वनीवर दृश्य दाखवावे, आणि घरातील एकाने आळीपाळीने त्यांच्याजवळ थांबावे. घर राखायचेच असेल तर ती जबाबदारी दरवर्षी एकाच्याच वाट्याला येऊ नये.

शेवटी काळजीवाहकांना एक विनंती. ज्येष्ठांना नुसते सोबत नेऊ नका, त्यांच्याकडे काही काम सोपवा. कोजागरीचे दूध त्यांनी आटवावे, आरतीचे तबक त्यांनी लावावे, पूर्वीची यात्रा कशी होती हे नातवंडांना त्यांनी सांगावे. ज्याची वाट पाहिली जाते तो माणूस पहाटे उठण्याचे कारण शोधत बसत नाही. यंदाच्या कोजागरीला आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: त्रिपुरीपर्यंत आपण कोणत्या पायरीवर पोहोचायचे? उत्तर ऐकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर दहा मिनिटे चाला.