भेळ, पार्सल आणि आपली रसिकता

एम. ए.च्या वर्गात रससूत्र शिकवताना मी दरवर्षी भेळेचा दाखला देते. मुले हसतात, पण त्यात हसण्यासारखे फारसे काही नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रस समजावून देण्यासाठी स्वयंपाकाचाच दृष्टान्त घेतलेला आहे. नाना व्यंजने, द्रव्ये आणि औषधी यांच्या संयोगातून चव सिद्ध होते, प्रसन्न मनाचा माणूस ती आस्वादतो, आणि तसाच प्रेक्षक स्थायिभावांचा आस्वाद घेतो. आस्वाद, रसिक, अभिरुची, चर्वणा हे आपल्या समीक्षेचे सगळे प्रतिष्ठित शब्द मुळात जिभेचे आहेत. असे असूनही, मुंबईसारख्या शहरात लाखो माणसे ज्या अन्नावर दुपार काढतात त्याविषयी मराठीत चिकित्सक रसिकतेने लिहिलेले किती सापडते? 'चटकदार' आणि 'झणझणीत' या दोन विशेषणांच्या पुढे आपली लेखणी सहसा जात नाही.

भेळच घ्या. तिच्यात शिजवलेले जवळजवळ काहीच नाही. बटाटा तेवढा उकडलेला. बाकी सारे रचनेवर अवलंबून. कुरमुरे, शेव आणि चुरलेली पुरी हा कोरडा भाग. कांदा, कैरी, कोथिंबीर हा कच्चा भाग. आणि चिंच-खजुराची गोड चटणी व मिरचीची हिरवी चटणी हे दोन परस्परविरोधी ओले भाग. चटणी पडल्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. पहिल्या घासाला कुरमुरा कुरकुरतो, चौथ्या-पाचव्या घासाला तो अर्धा नमलेला असतो, आणि शेवटचा घास हा पहिल्यापेक्षा निराळाच पदार्थ असतो. चांगल्या भेळवाल्याला हे ठाऊक असते. म्हणून तो चटणी सगळीकडे सारखी माखत नाही, दोनतीनदाच हात फिरवतो आणि थांबतो. कुठे थांबावे हे कळणे, हा गुण आपण कवितेत किती वाखाणतो! तोच गुण टोपात हात घालून उभ्या असलेल्या माणसाच्या ठायी दिसला की त्याला फार तर 'हातखंडा' म्हणून मोकळे होतो. मॉलमधल्या मेन्यूकार्डावर तीच भेळ काचेच्या पेल्यात, आडव्या अक्षरांत आणि दहापट दराने अवतरली की मात्र तिला 'गूर्मे' म्हणायला आपली जीभ अडखळत नाही.

मराठीत अन्नावर लिहिले गेले नाही, असे कोणी म्हणणार नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' 1910चे. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने तर 1970 नंतरच्या घरांत पंचांगाइतके स्थान मिळवले. पु. लं.चे 'माझे खाद्यजीवन' आहे, दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग' आहे. पण या परंपरेचा मुख्य पत्ता घर हाच आहे. रस्त्यावरचे खाणे तिच्यात येते ते चोरून केलेली चैन म्हणून किंवा कॉलेजच्या दिवसांची आठवण म्हणून. घर कोणाचे, हा प्रश्नही बराच काळ विचारला गेला नव्हता. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (2015) या पुस्तकाने तो मराठवाड्यातल्या दलितांच्या पाकपरंपरेच्या बाजूने विचारला, आणि 'मराठी जेवण' या शब्दजोडीत किती जणांची चूल धरलीच नव्हती हे दाखवून दिले. त्याच धर्तीचा पुढचा प्रश्न हातगाडीबाबत विचारायला हरकत नसावी.

'आईच्या हातची चव' हा आपल्या ललित गद्याचा लाडका मुक्काम. मला त्याविषयी आता थोडा संशय येऊ लागला आहे. मी नोकरी करते, लोकलने येते-जाते, आणि आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळी स्टेशनबाहेरून पार्सल घेते. ते घेताना एके काळी अपराधी वाटत असे. ही अपराधी भावना मला कोणी दिली याचा विचार केला, तेव्हा बऱ्याच गोड आठवणींच्या लेखांची नावे समोर आली. त्या चवीच्या पाठीमागे चार वाजता उठणारी एक बाई होती आणि तिला त्याचा मोबदला नव्हता. पंधरा-वीस रुपयांत वडापाव देणारा माणूस निदान आपल्या कष्टाची किंमत सांगतो आणि मी ती मोजते. हा व्यवहार अधिक स्वच्छ आहे, असे मला वाटते.

स्वच्छतेचे नाव निघालेच आहे तर त्याविषयीही बोलू. आक्षेप खोटा नाही. मीही पावसाळ्यात पाणीपुरी टाळते. परंतु गाडीवरच्या पाण्याचा प्रश्न मुख्यतः नळाचा आहे. ज्याला नळाची जोडणी आणि सांडपाण्याची जागाच मिळत नाही, त्याच्या बादलीकडे बोट दाखवून आपण त्याच्या संस्कारांविषयी निकाल देतो.

पार्सलला स्वतःचे एक शास्त्र आहे, आणि भाषांतर शिकवणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. वडापाव प्रवास सोसतो, कारण त्याची लसणाची चटणी कोरडी असते. भेळ सोसत नाही. म्हणून जाणता भेळवाला न विचारता चटण्या वेगळ्या बांधून देतो, मिसळण्याचे काम आपल्यावर सोपवतो. डोसा मात्र बांधून नेताच येत नाही. वाफ धरली की त्याचे काम संपले.

लॉस एंजेलिसच्या जोनाथन गोल्ड या समीक्षकाने तरुणपणी पिको बुलेव्हार्ड या लांबलचक रस्त्यावरच्या खाण्याच्या एकूण एक जागी जेवायचे ठरवले आणि पुढे टाको विकणाऱ्या गाड्यांविषयी, स्थलांतरितांच्या छोट्या भोजनालयांविषयी आयुष्यभर लिहिले. 2007 साली त्याला समीक्षेसाठी पुलित्झर मिळाले. खाद्यसमीक्षकाला ते पहिल्यांदाच मिळत होते. त्याच्या लेखनातून शहराचा नकाशाच निराळा दिसू लागला. आपल्याकडे घाटकोपरच्या खाऊगल्लीचा किंवा रमजानातल्या मोहम्मद अली रोडचा असा नकाशा मराठीत कोणी काढायचा? आपल्यापैकीच कोणीतरी.

हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे, त्याला एक कारण आहे. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर एक जोडपे डोशाची गाडी लावत असे. तो तव्यावर पाणी मारून झाडूने पुसून घ्यायचा, ती पीठ आणि पैसे सांभाळायची. नऊ वर्षे मी तिथे खाल्ले. 2019मध्ये मूल्यांकनासाठी समिती येणार म्हणून 'प्रवेशद्वार मोकळे करावे' असा अर्ज फिरला. त्यावर माझी सही आहे. तासाला उशीर होत होता, मी नीट वाचलेही नाही. पण सही माझीच आहे. आठवड्याभरात गाडी दिसेनाशी झाली.

नंतर मी कायदा वाचला. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा अधिनियम 2014 सालचा. आधी सर्वेक्षण करून विक्री-प्रमाणपत्रे द्यावीत, तोवर कोणाला उठवू नये. पुढेही हलवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी. नगर पथविक्री समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सिंगापूरने 1968-69मध्ये आधी फेरीवाल्यांची नोंदणी केली, मग त्यांना नळ आणि गटारे असलेली केंद्रे बांधून दिली. तिथल्या अशाच एका ठेल्याला 2016मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला आणि 2020मध्ये त्या संस्कृतीची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. सिंगापूरच्या शिस्तीचे कौतुक आपण नेहमी करतो. आधी मोजणी आणि मग स्थलांतर हा तिचा क्रम मात्र सोयीने विसरतो. 2017च्या एल्फिन्स्टन रोड पुलावरील चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. पूल अरुंद होता, आणि त्यानंतर रोष उतरला तो फेरीवाल्यांवर. चालणाऱ्याला पदपथ हवाच, याविषयी माझा वाद नाही. पण पदपथावर दुचाक्या उभ्या असतात तेव्हा कोणी अर्ज फिरवीत नाही.

दोनेक वर्षांनी ते जोडपे मला दुसऱ्याच एका स्टेशनबाहेर दिसले. गाडी लहान झाली होती, तवा तोच असावा. मी मसाला डोसा बांधून मागितला. तिने चटणीची पिशवी दोनदा गाठ मारून दिली आणि विचारले, ''मॅडम, तुम्ही अजून तिथेच शिकवता?''

''हो, तिथेच,'' मी म्हटले.

तिने पैसे घेतले आणि सुटे परत केले. घरी पोचेपर्यंत डोसा पार लुळा पडला होता. उभ्यानेच खाऊन घ्यायला हवा होता. पण त्यासाठी तिच्यासमोर दहा मिनिटे थांबावे लागले असते.