गाळणी

आमच्या डिझेल मोटारीच्या पोटात एक गाळणी आहे. धुरातली काजळी ती अडवते आणि मोटार लांब पल्ल्याला पळाली, की सहाशे अंशांच्या आसपास तापून ती जाळते. गंधक मात्र तिला सोसत नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले, म्हणून तिचा इथे निभाव लागतो. पण आमची धाव पुण्यातच, घर ते कॉलेज! गाळणी तुंबली, दिवा लागला.

"काढूनच टाकू की, सर," मिस्त्री म्हणाला. मोह झाला, खोटे कशाला सांगू? तेवढ्यात दारात एका जुन्या टेम्पोने धूर सोडला. धाकटी खोकू लागली.

आता अधूनमधून रविवारी आम्ही सहकुटुंब खंडाळ्याला काजळी जाळायला जातो. सौ. त्याला सहल म्हणत नाही.