पेन्शनचा पैसा म्हणजे पालिकेची शिल्लक नव्हे!

मुंबई महापालिकेच्या मुदतठेवींचा विषय निघाला की दोन आवाज ऐकू येतात. पुढारी म्हणतात, हजारो कोटी बँकेत पडून आहेत, विकासाला लावा. प्रशासन म्हणते, यात कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन आणि कंत्राटदारांची अनामतही आहे. आम्ही तिसराच प्रश्न विचारतो. ज्याच्या घामातून हा पैसा जमला, त्या कामगाराला कुणी विचारले काय?

निवृत्तीच्या निधीचा वापर कशासाठी व्हावा? निवृत्तांना आणि त्यांच्या कुटुंबांना देण्यासाठी. तोवर रक्कम सुरक्षित ठिकाणी गुंतवावी आणि त्या कारभाराचा रास्त खर्च भागवावा. बस्स. चौथा वापर नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याला आमचा विरोध नाही. मुलुंडच्या झाडूवालीलाही रस्ता लागतो. पण रस्ता करातून व्हावा, तिच्या म्हातारपणातून नव्हे. ‘तात्पुरते घेतो, परत टाकतो’ हा युक्तिवाद आम्हाला सांगू नका. बायकोचे डोरले असेच ‘तात्पुरते’ गहाण ठेवणारे आम्ही वस्तीत पुष्कळ पाहिलेत.

पेन्शन ही मालकाची मेहरबानी नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नाकारा खटल्यात सांगितले. म्हणजेच हा थकलेला पगार आहे. दुसऱ्याचा पगार आपल्या तिजोरीत आहे म्हणून तो आपला होत नाही.

आता घाटकोपर-अंधेरीच्या कामगार वसाहतींत बघा. बाप जुन्या पेन्शनवर निवृत्त. वारसा हक्काने लागलेला लेक 5 मे 2008 नंतरचा, म्हणून नव्या योजनेत. झाडू तोच, गटार तेच, जातही तीच! पण लेकाच्या पगारातून 10 टक्के कापले जातात, त्यातला काही भाग शेअर बाजारात जातो आणि हाती काय येईल ते बाजार ठरवतो. 2024 साली केंद्राने एकीकृत योजना आणून हमी पुन्हा मान्य केली. मग इतकी वर्षे हमी काढून घेतली ती कुणाच्या फायद्यासाठी?

आणि कंत्राटी कामगार? त्याच्या नावाने पेन्शनचा रकानाच नाही. 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी 2017 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ज्यांची वर्षे हजेरीपटावरच आली नाहीत, त्यांचे म्हातारपण कोणत्या ठेवीत आहे?

मुंबईच्या सफाई कामगारांचा म्युनिसिपल कामगार संघ खुद्द बाबासाहेबांनी उभा केला. त्यांच्या वारसांची मागणी साधी आहे. निवृत्ती निधीचे खाते वेगळे ठेवा. दरवर्षी त्याचा हिशेब प्रत्येक हजेरी चौकीवर मराठीत लावा. निधीवर निर्णय घेणाऱ्यांत झाडू मारणाऱ्यांचा निवडून दिलेला प्रतिनिधी बसवा.

हिशेब मागणे म्हणजे विकासाला विरोध, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. आम्ही आमचाच पगार मागतो आहोत.

जय भीम!